‘न वापरलेला’ नळ घेताना डबा नव्हे, आटे पाहा

इमारतीचे काम संपले की ठेकेदाराकडे काही नळ, अँगल कॉक, शॉवर शिल्लक राहतात. दुकान आवरते घेणारा हार्डवेअरवालाही पडून राहिलेला माल काढतो. पूर्वी असा माल चोरबाजारात किंवा भंगारवाल्याकडे जाई. आता त्याचे फोटो ओएलएक्ससारख्या ठिकाणी मोबाईलवर दिसतात आणि खाली लिहिलेले असते, ‘नवा, न वापरलेला’. भाव दुकानापेक्षा बराच कमी. आपल्या प्लंबर बंधूंना व लहान दुकानदारांना असा माल घ्यावासा वाटणे साहजिक आहे, त्यात गैरही काही नाही. परंतु नळ गळू लागला की गिऱ्हाईक त्या अनोळखी विक्रेत्याला शोधत बसत नाही. ते आपलेच दार ठोठावते.

डब्यावर भिस्त ठेवू नये. रिकाम्या डब्यात जुना नळ घालायला कितीसा वेळ लागतो? विक्रेत्याकडून आट्यांचा, तोंडाच्या जाळीचा आणि मागील बाजूने आत दिसणाऱ्या भागाचा जवळून काढलेला फोटो मागवा. टाळाटाळ झाली तर सौदा सोडावा. आगाऊ पैसे तर मुळीच पाठवू नयेत; माल हातात घेऊन पाहावा, मगच व्यवहार.

हातात आल्यावर प्रथम आटे. एकदा बसवलेल्या नळाच्या आट्यांच्या खाचेत टेफ्लॉन टेपचे तुकडे, सफेदा किंवा धाग्याचे तंतू अडकलेले राहतात. ब्रशने घासले तरी तळाशी काही उरतेच. पान्हा लागतो त्या कडांवर व्रण दिसतात. मग जाळी काढा. बोअरच्या पाण्यावर चाललेल्या नळात पांढरा क्षार साचलेला असतो. आतले पितळ पिवळे न दिसता डागाडागांनी तांबूस दिसले, तर नळ आम्लाने धुतला असल्याचा संशय घ्यावा. जुन्या पद्धतीच्या फिरकीच्या नळाचा वायसर काढून पाहिला तर त्यावर बैठकीची गोल खूण असते. ती खोल असेल तर नळ पुष्कळ चालला आहे.

येथे एक सावधगिरी. आत दोन थेंब पाणी निघाले म्हणून नळ वापरलेला ठरत नाही. अनेक कारखान्यांत तयार नळ पाण्याच्या दाबावर तपासून मगच डब्यात भरतात. विक्रेत्यावर उगीच आळ नको.

लोहचुंबक सर्वजण लावून पाहतात. तो घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे हे खरे. पण चिकटला नाही म्हणजे पितळच, असे नाही. जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी कानसीने किंचित घासावे : पितळ पिवळे, जस्त राखाडी.

शिवाय न वापरलेला म्हणजे चांगलाच, हेही खरे नाही. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या नळातील रबर ताठ होते, ग्रीस सुकते. बाहेर बसणाऱ्या नळाचे रबर किंवा कार्ट्रिज थोडक्यात बदलता येते. भिंतीत गाडल्या जाणाऱ्या डायव्हर्टरचे मात्र तसे नाही. त्याची बॉडीच गळू लागली तर टाइल्स फोडाव्या लागतात, आणि तो खर्च वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट होतो. म्हणून असा डायव्हर्टर मी तरी कितीही स्वस्त मिळाला तरी घेणार नाही.

माल कोठून आला हेही विचारावे आणि मूळ बिल मागावे. एकाच जातीचे वीस-पंचवीस नळ, बिल नाही, भाव मातीमोल, असे असेल तर ते एखाद्या चालू साइटवरून उचललेले असू शकतात. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. त्यापूर्वी दंड संहितेतही तो होताच.

सीपीव्हीसीचे एल्बो, टी घेताना फक्त आतली कड पाहावी. सोल्व्हंट सिमेंटचा थर दिसला तर तो तुकडा पुन्हा जोडता येत नाही. वापरलेल्या पितळी नळाला निदान भंगाराच्या वजनाचा भाव येतो. याला तोही धड येत नाही.