पैसा फंडाचे गाव आणि संशोधनाचे करारपत्र

तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये सुरू झालेला पैसा फंडाचा काच कारखाना आता इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत आटोपला जातो. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, ही अंताजी दामोदर काळे यांची कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिला आपले बळ दिले. (पैसा म्हणजे तेव्हा रुपयाचा चौसष्टावा भाग, हे आज वर्गात समजावून सांगावे लागते.) परदेशात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी येथे काचेच्या धंद्याची घडी बसविली, येथे शिकलेले कारागीर इतर प्रांतांतील कारखान्यांत गेले आणि वार्ष्णेय यांनी स्वतः पुढे संयुक्त प्रांतात बहजोई येथे कारखाना काढला. पैसा देणाऱ्याने नफ्यात वाटा मागितला नव्हता. आपल्या पैशातून निपजलेली विद्या कोणा एकाच्या तिजोरीत कुलूपबंद होणार नाही, एवढाच त्या व्यवहारातील अलिखित करार होता.

या गोष्टीची आठवण होण्यास कारण आहे. आपल्या देशात वापरली जाणारी सत्तर ते ऐंशी टक्के वैद्यकीय उपकरणे परदेशांतून येतात, असे सरकारच सांगते. ही परावलंबिता कमी करावयाची तर विद्यापीठे, रुग्णालये आणि खासगी उद्योग यांनी एकत्र यावे, हा विचार आता सर्वमान्य झाला आहे. मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये २०१४ साली राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने ‘बेटिक’ हे केंद्र उभे राहिले, नागपूरची व्ही.एन.आय.टी. आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, जे आता विद्यापीठ झाले आहे, त्यात सामील झाले. डॉक्टरने अडचण सांगावी, अभियंत्याने नमुना बनवावा आणि तरुण उद्योजकाने तो बाजारात न्यावा, अशी ही रचना आहे. साध्या स्टेथोस्कोपला जोडता येणारे आणि हृदयाचे ठोके मोठ्याने व दुरूनही ऐकविणारे उपकरण या वाटेने बाहेर पडले. हे काम स्वागतार्हच आहे. प्रश्न आहे तो या भागीदारीच्या हिशेबाचा.

त्यासाठी थोडे दूर, तिरुवनंतपुरमला जावे लागेल. तेथील श्रीचित्रा संस्थेला १९८० च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. संस्थेचे प्रमुख, हृदयशल्यचिकित्सक डॉ. एम. एस. वलियाथन यांनी हृदयाची कृत्रिम झडप येथेच बनविण्याचा ध्यास घेतला. झडप म्हणजे वर्षाकाठी सुमारे चार कोटी वेळा उघडणारी-मिटणारी वस्तू. धातू झिजला किंवा एक सांधा तुटला की रोगी गेला. पहिले तीन नमुने कसोटीला उतरले नाहीत. चौथा उतरला आणि डिसेंबर १९९० मध्ये तो प्रथम रुग्णाच्या हृदयात बसविला गेला. दहा वर्षांहून अधिक काळ, तीन अपयशे पचवून, कोणता खासगी भांडवलदार पैसे ओतत राहिला असता? ते ओझे सरकारी तिजोरीने, म्हणजे तुम्हीआम्ही, वाहिले. पण हेही तितकेच खरे की, झडप कारखान्यात हजारोंच्या संख्येने, प्रत्येक नग सारखाच निर्दोष, तयार करणे हे संस्थेच्या प्रयोगशाळेचे काम नव्हते. ते टी.टी.के. या खासगी उद्योगाने केले. आज लाखाहून अधिक रुग्णांच्या छातीत ही झडप आहे आणि ती आयात झडपेपेक्षा पुष्कळ स्वस्त पडली.

त्याच संस्थेतील रक्तपिशवीची कथा थोडी वेगळी आहे. पूर्वी रक्त काचेच्या बाटल्यांत साठवीत. प्लास्टिकच्या पिशवीचे तंत्र श्रीचित्राने विकसित केले आणि १९८० च्या दशकात पेनपोल या नव्या कंपनीच्या हाती दिले. कंपनी नावारूपाला आली. १९९९ मध्ये जपानची तेरुमो कंपनी तिच्यात शिरली आणि नाव तेरुमो पेनपोल झाले. यात गैर काही घडले असे मी म्हणत नाही. परकी भांडवल आले, निर्यात वाढली, रोजगार राहिला. परंतु सार्वजनिक पैशावर वाढलेले तंत्र घेणारी कंपनी उद्या दुसऱ्याच्या हाती गेली, तर मूळ देणाऱ्याचा शब्द कितपत चालेल, हे पहिल्याच दिवशी कागदावर असावयास हवे, एवढे तरी या उदाहरणावरून सुचते.

आता आपल्या मावळात परत येऊ. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या निदानासाठी पहिला देशी संच मायलॅब या पुण्याच्या कंपनीने तयार केला; त्याचे उत्पादन लोणावळ्यात झाले. आयात संचाची किंमत साडेचार हजारांच्या घरात असता हा बाराशे रुपयांत मिळू लागला. श्रेय कंपनीचे आहेच. पण संच खरा की खोटा हे सांगणारी पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था सरकारी आहे आणि १९५२ पासून तिच्यावर झालेला खर्च त्या बाराशे रुपयांत कोठेही दिसत नाही. याच संस्थेने वेगळा केलेला विषाणू घेऊन भारत बायोटेकने लस बनविली. चाचण्यांवर वैद्यकीय संशोधन परिषदेने ३५ कोटी रुपये खर्च केले आणि निव्वळ विक्रीवर पाच टक्के रॉयल्टी ठरली, हे लोकांना कळले ते जुलै २०२१ मध्ये, संसदेतील उत्तरांतून. तत्पूर्वी, एप्रिलमध्येच, कंपनीने खासगी रुग्णालयांसाठी १,२०० आणि राज्य सरकारांसाठी ६०० रुपये दर जाहीर केला होता. राज्यांचा दर पुढे ४०० वर आला, तो ओरड झाल्यावर. किंमत ठरविण्याचा अधिकार करारात कोणाकडे होता, हे ओरड होण्याआधी ठाऊक असते तर?

आणि या व्यवहारात एक तिसरा भागीदार आहे, ज्याची सही कोठेच नसते. तळेगावात १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आंदर मावळातला भातशेतकरी येतो, पवन मावळातली कातकरी बाई येते. उपकरणाची चाचणी कोणावर तरी व्हावीच लागते. ती ज्याच्यावर होते तो संमतिपत्रावर अंगठा उठवितो. कर त्याने भरला (काडेपेटीवरही कर असतो), देह त्याने दिला आणि उद्या तेच उपकरण बाजारभावाने त्यानेच विकत घ्यावयाचे. इजा झाली तर भरपाईची तरतूद कायद्याने झाली आहे. इजा न होता उपकरण यशस्वी झाले, तर त्याला काय, याविषयी कायदा गप्प आहे.

अटी घातल्या तर उद्योजक पुढे येणार नाहीत, हा आक्षेप पोकळ नाही. प्रयोगशाळेतील नमुना आणि विकाऊ वस्तू यांच्यातील दरीत बहुतेक शोध गाडले जातात आणि त्या दरीत उडी घेणाऱ्याला नफ्याची आशा हवी. अमेरिकेने १९८० च्या बे-डोल कायद्याने विद्यापीठांना शोधांची मालकी दिली आणि सरकारसाठी हस्तक्षेपाचा अधिकार राखून ठेवला. पण पहिल्या चाळीस वर्षांत तो एकदाही वापरला गेला नाही. आपल्याकडे त्याच धर्तीचे विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आले आणि २०१४ मध्ये मागे घेतले गेले. दुसरे टोक म्हणजे स्टेंटचे: लाखाच्या वर गेलेल्या किमती फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने हुकमाने खाली आणल्या, औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपयांची मर्यादा घातली. ग्राहकाला दिलासा मिळाला, उत्पादकाला धक्का. व्यापाऱ्याला कमी नफा चालतो. अनिश्चित नफा चालत नाही. म्हणूनच आधी लिहिलेली किंमतीची अट नंतरच्या हुकमापेक्षा उद्योगालाही सोयीची आहे.

माझी सूचना साधी आहे. ज्या संशोधनात सरकारी वा विद्यापीठाचा पैसा आहे, त्याचा करार सही झाल्यापासून महिनाभरात जनतेसमोर यावा. शासकीय रुग्णालयांसाठी किंमत कशी ठरेल, ठरलेल्या मुदतीत उत्पादन झाले नाही तर परवाना संस्थेकडे परत येईल काय आणि कंपनी विकली गेल्यास काय, ही तीन कलमे त्यात असावीत. व्यापारी गुपिताचा बाऊ करण्याचे कारण नाही. मिश्रधातूचे प्रमाण झाकून ठेवावे, दराचे कलम नव्हे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातही व्यापारी गुपिताला संरक्षण देताना व्यापक लोकहिताचा अपवाद ठेवलेला आहेच. औषधांच्या चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करणे २००९ पासून सक्तीचे आहे आणि ती कोणालाही पाहता येते. त्या नोंदवहीत चाचणीचा खर्च कोण करतो, याचा रकाना आहे. त्याच्या शेजारी करारपत्राचा आणखी एक रकाना वाढविण्यास नवा कायदादेखील लागू नये.