वॉकर फार आधी पोचला

टिपेश्वर अभयारण्यातला टी१-सी१ हा वाघ आपल्याला ‘वॉकर’ म्हणून ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याला रेडिओ कॉलर लावली. पावसाळ्याच्या तोंडावर त्याने यवतमाळचं जंगल सोडलं. जागा आणि जोडीदार शोधत, तेलंगणातून वळसा घेत, हिंगोली, वाशीम, अकोला ओलांडून डिसेंबरात तो बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. चाल भरली सुमारे १,३०० किलोमीटर. तिथे नीलगायी होत्या, रानडुकरं होती. वाघीण नव्हती.

वाघांच्या प्रेमात वेळेला फार मोल असतं. नर-मादी एरवी वेगळे राहतात. माजावर येण्याआधी वाघीण झाडांच्या बुंध्यांवर वरचेवर गंधाचे फवारे मारते. त्या द्रवात मूत्राबरोबर स्निग्ध पदार्थ असतात. ते वास लवकर उडू देत नाहीत. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी त्यात २-ॲसिटिल-१-पायरोलिन हा रेणू शोधला. बासमतीचा आणि आपल्या आंबेमोहोराचा घमघमाट त्याचाच! वाघीण निघून गेल्यावर, कधी काही दिवसांनी, नर तिथे येतो, ओठ मुरडतो आणि तो गंध टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोचवतो. ती मीलनाला तयार आहे का, हे त्याला त्यातून उमगतं. पण माज मोजके दिवसच टिकतो, आणि पिल्लं झाली की वाघीण जवळपास दोन वर्षं त्यांच्यात गुंतते. एकाच जंगलातले दोघंही त्यामुळे एकमेकांना चुकू शकतात.

ज्ञानगंगेत तर कुणी गंध ठेवलाच नव्हता. वयात आलेले नर दूर जातात, मुली बहुधा आईच्या शेजारीच हद्द आखतात. नेपाळमधल्या चितवनच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. म्हणून दूरच्या रानात आधी एकटा नर दिसतो. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिवच्या येडशी रामलिंग घाटात कॅमेऱ्याने टिपलेला वाघही टिपेश्वरचाच, आणि नरच.

वॉकरच्या पायपिटीचं आपण भरभरून कौतुक केलं. मला मात्र त्याच्या वाटेवरच्या मुलखाची काळजी वाटते. त्याने महिन्यांत कापलेलं अंतर वाघिणींना आपणहून कापायला पिढ्या लागतील: आईशेजारी मुलगी, तिच्याशेजारी नात. त्यासाठी पैनगंगा, कारंजा-सोहोळ, काटेपूर्णा ही अभयारण्यं आणि त्यांच्यामधली झुडपी जंगलं, नाल्यांकाठची झाडी तोवर शाबूत राहायला हवी, आणि रस्ते रुंद करताना प्राण्यांसाठी खालून वाट सोडायला हवी.