उतरवण्याचं यंत्र

डेट्रॉइटच्या मराठी माणसांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं होतं. त्यात गणपती, ढोलपथक, रविवारची मराठी शाळा हे सगळं यायला हवं. ते येईल पुढच्या अंकात. झालं असं की शहराच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका निवृत्त इंजिनिअर काकांकडे चहाला गेलो आणि त्यांच्या गॅरेजात, जुन्या शेव्हरोले पिकअपच्या पोटाखाली बसलेल्या एका बुटक्या लाल यंत्रापाशी अडकलो. तो ट्रान्समिशन जॅक होता, म्हणजे गाडीचा गिअरबॉक्स उतरवायचा आणि परत चढवायचा जॅक.

आपल्याकडे हे काम गाडी खड्ड्यावर घेऊन करतात. गिअरबॉक्स लहान असेल तर दोन पोरं छातीवर झेलतात, मोठा असेल तर चेन-ब्लॉक लावतात. अमेरिकेत घराला चिकटून दोन गाड्यांचं गॅरेज असतं, गॅरेजात खड्डा नसतो, पोरं नसतात आणि मेकॅनिकचा तासाचा दर ऐकून माणूस स्वतःच पाना हातात घेतो. या पिकअपचा टर्बो हायड्रा-मॅटिक ४०० हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तेल न भरताच साठ किलोच्या आसपास जातो. त्याच्या तोंडात टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो वेगळा धरायचा. एकट्याने झोपून छातीवर घ्यायचं हे ओझं नव्हे.

या गिअरबॉक्सचं माहेर जवळच आहे. जनरल मोटर्सने हायड्रा-मॅटिक पहिल्यांदा १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये दिला. पुढे लिव्होनियाच्या कारखान्यात तो बनू लागला. १२ ऑगस्ट १९५३ रोजी तिथे गॅस-कटरची ठिणगी पडली आणि प्रचंड कारखाना जळून गेला. कंपनीने उत्पादन विलो रनला हलवलं. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने बी-२४ बॉम्बर विमानं बनवली ती ही जागा. ४०० हा १९६४ च्या मॉडेलपासूनचा, आणि तो इतका दणकट निघाला की रोल्स-रॉइसनेही वापरला. विलो रनचा गिअरबॉक्स कारखाना २०१० मध्ये बंद झाला. गिअरबॉक्सचा इतिहास एवढा पुरे.

जॅकचं तत्त्व शाळेतलं आहे: पास्कलचा नियम. जोसेफ ब्रामाने १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दट्ट्याच्या कडेने पाणी गळायचं. ते थांबवणारं चामड्याचं सील त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेने काढलं. दाब जितका वाढेल तितकं ते घट्ट बसतं. १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजनने हातात नेता येईल असा हायड्रॉलिक जॅक पेटंट केला. काकांचा जॅक त्याच कुळातला. वर एक तबकडी, तिला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलवायचे दोन स्क्रू, चार कोपऱ्यांना सरकते पंजे, बांधायला साखळी, खाली चार चाकं. लेबलावर क्षमता अर्धा टन.

खोक्यातून काढला की तो लगेच वापरता येत नाही. दट्ट्या पूर्ण खाली ठेवून तेलाची पातळी बघायची. मग रिलीज व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा भराभर मारायचा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. हवा राहिली तर जॅक स्प्रिंगसारखा दबतो. तेल कमी वाटलं म्हणून ब्रेक ऑइल ओतायचं नाही, सील फुगून जातात. मग रिकामाच वर-खाली करायचा, आणि थोडं वजन ठेवून तासभर विसरून जायचं. तासाने तबकडी खाली आलेली दिसली तर जॅक दुकानात परत.

काका मूळचे कोल्हापूरचे. उद्यमनगरात त्यांच्या वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं. विकत आणलेली वस्तू आहे तशी वापरणं या माणसाच्या रक्तात नाही.

त्यांनी पहिल्यांदा चाकं बदलली. इथल्या गॅरेजची फरशी दरवाजाकडे मुद्दाम उतरती ठेवतात, बर्फाचं पाणी वाहून जावं म्हणून. काँक्रीटमध्ये आडव्या खाचाही असतात. जॅकची मूळ चाकं लहान. एखादा खडा आला की अडतात, आणि वर गिअरबॉक्स असताना अडलं की सगळं पुढे कलतं. नवी चाकं रुंद आहेत, पण उंच नाहीत. उंची हाच या कामाचा खरा हिशेब आहे. गिअरबॉक्सचं पुढचं तोंड जवळपास अर्धा मीटर रुंद. जॅकवर ठेवून ते गाडीखालून बाहेर काढायचं, म्हणजे जॅकची सगळ्यात खालची उंची आणि गिअरबॉक्स मिळून जेवढं होतं त्याहून गाडी वर हवी. जॅकमध्ये वाचवलेला प्रत्येक सेंटिमीटर गाडी तेवढी कमी उचलायला लावतो. साध्या ट्रॉली जॅकवर तबकडी बसवायचा जोड स्वस्त मिळतो, पण तो नेमकी ही उंची खातो आणि वर डोलतो. तो घेऊ नये असं माझं मत झालं.

दुसरा बदल लाकडाचा. ऑटोमॅटिकच्या तळाला पातळ पत्र्याचं पॅन असतं. त्यावर पोलादी पंजे टेकले की पत्रा आत जातो. काकांनी जाड प्लायवुडची फळी पॅनच्या आकाराला कोरून तबकडीवर बोल्टने बसवली आहे. फळीवर खडूची रेघ आहे, पॅनच्या मध्यापासून बरीच पुढे. कन्व्हर्टरमुळे वजन पुढच्या तोंडाकडे झुकतं, तिथे जॅकचा मध्य यायला हवा.

तिसऱ्या बदलापाशी मी सगळ्यात जास्त वेळ बसलो. रिलीज व्हॉल्व्ह म्हणजे बैठकीवर बसलेली एक गोळी आणि तिला दाबून धरणारा स्क्रू. स्क्रू जरासा फिरला की काही होत नाही, आणखी केसभर फिरला की ओझं धाडकन खाली. काकांनी जॅकच्या आतल्या भागांना हात लावलेला नाही. स्क्रूच्या बाहेरच्या टोकाला एक युनिव्हर्सल जॉइंट, त्याला लांब सळई आणि सळईला वीतभर आडवा दांडा. दांडा बोटभर हलवला की स्क्रू किंचितसा फिरतो. त्यामुळे डोळे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या फटीवर ठेवून, झोपल्या झोपल्या, मिलिमीटरच्या हिशेबात उतरवता येतं.

"वर कुणीही नेतंय हो," काका म्हणाले. "खाली कसं आणता ते दाखवा की."

चढवतानाही हेच. इंजिनच्या मागच्या तोंडावर दोन पिना असतात, त्या गिअरबॉक्सच्या भोकांत सरळ गेल्या पाहिजेत. त्याआधी कन्व्हर्टर फिरवत फिरवत आतल्या पंपात पूर्ण बसलेला हवा. बसताना तो खटके देत आत जातो. सगळं नीट असेल तर दोन्ही तोंडं हाताने मिळतात, कन्व्हर्टर मोकळा फिरतो आणि त्याच्यापुढे तीन ते पाच मिलिमीटर फट राहते. फट नसेल तर थांबायचं. घाई करणारे बोल्ट आवळून ओढून घेतात आणि पंप फुटतो. मग सगळं पुन्हा उतरवा.

इथवर कौतुक. आता भीती.

जॅक फक्त गिअरबॉक्स पेलतो, गाडी पेलतात त्या घोड्या, म्हणजे जॅक-स्टँड. २०२० मध्ये अमेरिकेत लाखो घोड्या परत मागवल्या गेल्या, कारण भार असताना दात निसटून त्या खाली बसत होत्या. म्हणजे लेबल आणि वजनाचा आकडा बघून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. काका घोड्यांच्या जोडीला काढलेली चाकंही चौकटीखाली आडवी सरकवतात.

आणखी दोन गोष्टी नवख्याला कुणी सांगत नाही. प्रोपेलर शाफ्ट काढला की मागची चाकं गिअरबॉक्सपासून सुटतात आणि 'पार्क'चा काही उपयोग राहत नाही. चाकं जमिनीवर असतील तर गाडी चालू लागेल. आणि मागचं इंजिन-माउंटिंग गिअरबॉक्सखाली असल्याने, तो निघाला की इंजिन मागे कलतं. त्याला वेगळा आधार आधी द्यावा लागतो.

पण मला सगळ्यात घोर वाटला तो वेल्डिंगचा. अमेरिकेत जॅकसाठी एएसएमई या इंजिनिअरांच्या संस्थेचं मानक आहे आणि जॅकबरोबरच्या पत्रकात स्पष्ट बजावलेलं असतं की फेरफार करू नका. तरी हौशी मंडळी मोटरसायकल उचलायचा जॅक कापून त्याचा गिअरबॉक्स जॅक करतात, जॅकचे हात वेल्डिंगने लांबवतात. हात दीडपट लांब झाला की त्याच वजनाला सिलिंडरवर दीडपट जोर येतो. मग ओव्हरलोड व्हॉल्व्ह सुटतो आणि जॅक उचलत नाही, म्हणून कारखान्यात बंद केलेला त्याचा स्क्रू आवळतात. आता जॅक उचलतो, पण तुटायच्या आधी थांबवणारं त्यात काही उरलेलं नसतं. आणि त्याच्याखाली माणसाचं डोकं असतं.

काकांचीही यातून पूर्ण सुटका नाही. पत्रकाच्या अक्षराला धरलं तर त्यांची फळी आणि चाकंसुद्धा फेरफारच. मी तसं म्हटल्यावर त्यांनी वाद घातला नाही. त्यांनी जोडलेलं सगळं बोल्टवर आहे. पाना लावला की निघतं आणि जॅक होता तसा होतो. भार पेलणाऱ्या एकाही तुकड्याला त्यांनी भोक पाडलेलं नाही, आच दिलेली नाही. मला ही रेघ पटली. घरी हा उद्योग करायचा असेल त्यांनी तीच पाळावी, आणि जॅकवर जादा पैसे घालण्याआधी ते चांगल्या घोड्यांवर घालावेत.