पार्किंगच्या पैशांची पावती मागा

निलंग्याच्या दुकानदाराला मालासाठी लातूर, बिदर नाही तर हैदराबाद गाठावेच लागते. माल घ्यायचा तर गाडी लावावी लागते. गाडी लावली की कोणी तरी पुढे येतो आणि दहा-वीस रुपये मागतो. दवाखान्यासमोर, मंगल कार्यालयाबाहेर, आठवडी बाजाराच्या तोंडाशी हाच प्रकार दिसतो. पावती मागितली तर मिळत नाही. मिळाली तर त्यावर ना ठेकेदाराचे नाव असते, ना क्रमांक. एवढ्याशा पैशांसाठी कोण वाद घालणार, असे म्हणून आपण पैसे देऊन मोकळे होतो.

परंतु हिशोब करून पाहा. रोजचे १० रुपये धरले तर ३०० दिवसांचे ३,००० रुपये होतात. दर्जी, वेल्डर किंवा फळविक्रेता यांच्यासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच आहे की, पैसे देण्यापूर्वी ते कोणत्या हक्काने मागितले जातात हे विचारावे.

सर्वप्रथम जागा कोणाची आहे ते पाहावे. रस्ता सार्वजनिक असेल तर कोणीही उठून तेथे वसुली करू शकत नाही. निलंग्यात नगरपरिषदेने आणि लातुरात महानगरपालिकेने रीतसर ठेका दिलेला असेल, तरच ठेकेदाराला पैसे घेता येतात आणि तेही ठरलेल्या जागेत, ठरलेल्या दराने. ठेका आहे की नाही हे कळण्याचा मार्ग सोपा आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याकडे १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा. ठेक्याच्या आदेशाची प्रत, मंजूर दर, मुदत आणि जागांची यादी मागावी. ३० दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. एका वेळच्या पार्किंगच्या पैशांत वर्षभराच्या वसुलीचा हिशोब उघड होऊ शकतो.

जागा खाजगी असेल तर प्रश्न वेगळा आहे. येथे न्यायालयांचे मतही एकसारखे नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ साली मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंगचे पैसे घेता येणार नाहीत असा निर्णय दिला. उलट केरळ उच्च न्यायालयाने २०२५ साली कोचीच्या लुलू मॉलचा शुल्क घेण्याचा हक्क मान्य केला. तेलंगणा सरकारने २०१८ साली मधला मार्ग काढला. तेथील मॉलमध्ये पहिली ३० मिनिटे मोफत आणि एक तासापर्यंत थांबल्यास कोणत्याही खरेदीचे बिल दाखविले की मोफत, असा तो नियम. हैदराबादला मालासाठी जाणाऱ्या बांधवांनी तो ध्यानात ठेवावा.

इंग्लंडमध्ये चिप्सचे दुकान चालविणाऱ्या बॅरी बीव्हिस यांनी खाजगी पार्किंग कंपनीने लावलेल्या ८५ पौंडांच्या आकाराविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. दोन तासांची मोफत मुदत त्यांनी ५६ मिनिटांनी ओलांडली होती. २०१५ साली निकाल त्यांच्या विरोधात गेला. नियम आणि रक्कम सांगणारे ठळक फलक त्या जागेत लावलेले होते, ही बाब न्यायालयाने महत्त्वाची मानली. म्हणून आपणही आधी फलक पाहावा. दर स्पष्ट लिहिलेला असेल तर वादाला जागा कमी. फलकच नसेल, किंवा फलकावर एक आणि मागणी दुसरी असेल, तर आपली बाजू भक्कम होते.

गाडी चोरीला गेली तर काय? पावतीवर बहुधा ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले असते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी हा प्रश्न निकाली काढला. गाडी व किल्ली हॉटेलच्या माणसाच्या ताब्यात दिली होती. अशा वेळी योग्य काळजी घेतल्याचे सिद्ध केल्याशिवाय केवळ छापील ओळीच्या आधारे हॉटेलला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. आपल्या भाषेत सांगायचे तर गाडी ताब्यात घेतली की ती अमानत झाली आणि अमानत सांभाळावीच लागते.

तक्रार कशी करावी? सेवेची पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तेथे काम न झाल्यास लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. घटना दुसऱ्या जिल्ह्यात घडली तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची आहे आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्यातून वगळलेली आहे. मालाच्या फेरीतील तक्रारीवर समोरचा पक्ष हा आक्षेप घेऊ शकतो. उपचारासाठी किंवा घरच्या कामासाठी गेला असाल तर तसे अर्जात स्पष्ट लिहावे.

कोणी धमकावून पैसे उकळत असेल तर तो ग्राहकाचा वाद राहत नाही. ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खालील खंडणी ठरू शकते. त्यासाठी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. जागेवर हमरीतुमरी करू नये. त्यापेक्षा फलकाचा फोटो, पावती, तारीख आणि वेळ जपून ठेवावी. एकट्याने जाण्यापेक्षा बाजारातील दहा दुकानदारांनी सह्या करून अर्ज दिला तर त्याला वजन येते.

आपल्यापैकी ज्यांची मोकळी जागा किंवा मंगल कार्यालय आहे, त्यांनीही दराचा फलक लावावा, पावती द्यावी आणि गाडी सांभाळावी. दुसऱ्याकडे हिशोब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशोब आधी चोख हवा.