मुलगा एकटाच बर्फावर निघालाय?

परवा एक गृहस्थ दवाखान्यात आले. अठरा वर्षांचा मुलगा स्कीइंग शिकायला एकटाच गुलमर्गला निघालेला. "डॉक्टर, थंडीवर औषध द्या!" मी म्हटले, थंडीला लोकरीचे कपडे आहेत, काळजी उंचीची करा. गुलमर्ग सुमारे २६५० मीटरवर. रोपवे ३९०० मीटरच्याही वर नेतो. तिथे हवा विरळ. पहिले दोन दिवस दमाने घ्यावे. डोके दुखून मळमळू लागल्यास आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला, तर ताबडतोब खाली उतरावे. बर्फावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळ्यांना इजा होते. काळा चष्मा हवाच. एकटा मुलगा लाजेपोटी दुखणे लपवतो, हा खरा धोका. म्हणून निघतानाच त्याला सांगा, "त्रास झाला तर प्रशिक्षकांना लगेच सांग. अर्ध्यातून परत आलास तरी घरात कोणी हसणार नाही."