परातीतील नदी

नदीची प्रकृती विद्यार्थ्यांस शिकवावयाची तर प्रारंभ वर्गात न करता खडकवासला धरणाच्या वरच्या अंगास, जेथे पाणी अद्याप गोट्यांवरून खळाळत येते, तेथे करावा, हे माझे मत अध्यापनाच्या कालावधीत उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे.

प्रथम बाटली. बुडबुडा न राहू देता ती काठोकाठ भरून तीत मँगॅनीज सल्फेट व क्षारयुक्त आयोडाइड घातले की, प्राणवायू विरघळलेला असल्यास तपकिरी साका धरतो, नसल्यास तो पांढराच राहतो. पुढे गंधकाम्लाने मोकळे झालेले आयोडिन थायोसल्फेटने मोजीत जावे आणि पिष्टामुळे आलेला निळा रंग ज्या थेंबाला नाहीसा होतो तेथे थांबावे. विंक्लर या हंगेरियन रसायनज्ञाची १८८८ सालची ही रीत मुलांना फार प्रिय, कारण तिच्या शेवटी अंक हाती येतो. परंतु तो अंक केवळ त्या घटकेचा! शेवाळाने दाटलेले मलिन पाणीही भर दुपारी भरघोस प्राणवायू दाखविते आणि पहाटे तेच मासे गुदमरण्याइतके रिते होते.

म्हणून मग जाळी. प्रवाहाकडे तिचे तोंड धरून वरच्या बाजूचे गोटे पायाने ढवळावयाचे आणि वाहून आलेला ऐवज पांढऱ्या परातीत पाण्यासह उपडा करावयाचा. पहिले काही क्षण मुलांना नुसता कचरा दिसतो. पण नजर स्थिरावली की पोटाच्या दोन्ही अंगांस कल्ले हलविणारी मेफ्लायची पिल्ले आणि वाळूचे कण चिकटवून केलेल्या नळीत राहणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या चालू लागतात. महिनोन्महिने त्याच पाण्यात वाढलेल्या या जीवांची जबानी बाटलीला खोटी पाडता येत नाही. शहराच्या खाली, बंडगार्डनच्या बाजूस, हीच जाळी घातली तर बहुधा रक्तवर्णी कायरोनोमिड अळ्यांचीच गर्दी निघते; अंगातील हिमोग्लोबिनच्या बळावर त्या अत्यल्प प्राणवायूतही तग धरतात.

दख्खनच्या माशांची नोंद करणाऱ्या कर्नल साइक्स यांनी महसीराच्या एका जातीचे वर्णन १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून केले. काय हरपले हे आज सांगता येते ते अशा दप्तरामुळे, कारण त्यात पाण्यातील रहिवाशांचीच नावे लिहिलेली आहेत.

तेव्हा प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत निम्मे गुण परातीतील प्राणी ओळखण्यास द्यावेत, आणि ओळखून झाल्यावर ते ज्या गोट्याखालून आले तेथेच सोडण्याची सक्ती असावी.