युरोपचा बाजार आणि त्याचे राखणदार : ७
तीस पटीची वेसण

मागच्या आठवड्यात आपण जानेवारी २०१८ मध्ये लागू झालेला मिफिड-२ हा अगडबंब कायदा पाहिला. छोट्या गुंतवणूकदाराच्या खिशाला खरा आधार दिला तो मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लागू झालेल्या एका आटोपशीर आदेशाने. त्याचा विषय होता सीएफडी, म्हणजे फरकाचा करार.

या करारात शेअर, सोने, चलन यांपैकी काहीच हाती येत नाही. सौदा करतानाचा भाव आणि मोडतानाचा भाव यांतला फरक तेवढा द्यायचा किंवा घ्यायचा. गंमत आहे ती पटीत, म्हणजे ठेवलेल्या रकमेच्या किती पट सौदा करता येतो त्यात. शंभर पट मिळाली की हजार युरो मार्जिन ठेवून लाखाचा सौदा करता येतो. भाव १ टक्का उलटा गेला की हजार साफ. आणि १५ टक्के गेला तर?

उत्तर १५ जानेवारी २०१५ रोजी मिळाले. युरो १.२० फ्रँकच्या खाली उतरू द्यायचा नाही, हे धोरण स्विस मध्यवर्ती बँकेने २०११ पासून धरले होते. खुद्द बँकच पाठीशी, म्हणून अनेकांनी निर्धास्तपणे युरो घेऊन ठेवला होता. त्या गुरुवारी सकाळी बँकेने हात काढून घेतला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावाला घेणारेच नव्हते, त्यामुळे स्टॉप-लॉस, म्हणजे ठरल्या भावाला सौदा मोडण्याची आगाऊ सूचना, लावलेलेही सापडले. आपल्या उदाहरणातला हजार युरोवाला अशा वेळी चौदा हजारांचा देणेकरी होतो. वेस्ट हॅम या फुटबॉल क्लबच्या जर्सीवर झळकणारी लंडनची अल्पारी यूके चार-पाच दिवसांत बुडाली. एफएक्ससीएम या अमेरिकी ब्रोकरचे ग्राहकांकडे सुमारे २२.५ कोटी डॉलर अडकले.

तरीही सीएफडीच्या जाहिराती थांबल्या नाहीत. सायप्रसमध्ये परवाना काढायचा आणि त्यावर अख्ख्या युरोपीय संघात ग्राहक गाठायचे, ही सोय कायद्यानेच दिलेली. पॅरिसस्थित एस्मा या युरोपीय नियामकाने आकडे जमवले, तेव्हा ७४ ते ८९ टक्के किरकोळ खाती तोट्यात निघाली.

म्हणून एस्माच्या आदेशाने १ ऑगस्ट २०१८ पासून प्रमुख चलनांना जास्तीत जास्त ३० पट, सोन्याला २०, एकेका शेअरला ५ आणि क्रिप्टोला २ पट अशी मर्यादा आली. मार्जिन निम्म्यावर आले की ब्रोकरने सौदा कापायचा, आणि खात्यातल्या रकमेपेक्षा जास्त वसुली करायची नाही. स्वागत-बोनसही बंद. भाव वर की खाली एवढ्यावरच पैज लावणाऱ्या बायनरी ऑप्शन्सवर तर महिनाभर आधीच बंदी आली होती.

मला यातले सर्वांत आवडते कलम इशाऱ्याचे. ‘जोखीम असू शकते’ असले गुळमुळीत वाक्य चालत नाही. आपल्या किती टक्के ग्राहकांचे पैसे जातात, तो आकडा ब्रोकरने आपल्याच जाहिरातीत छापायचा. दुकानदारानेच पाटीवर लिहायचे, की आमच्याकडे दहातले आठ जण रडत जातात! एस्माला तेव्हा असा आदेश एका वेळी तीनच महिन्यांसाठी काढता येत असे. तो वर्षभर वाढवत नेला आणि २०१९ पर्यंत बहुतेक देशांनी आपापल्या नियमांत कायम केला.

पळवाट राहिलीच. हे संरक्षण फक्त किरकोळ ग्राहकाला आहे. पाच लाख युरोंहून मोठा पोर्टफोलिओ, वारंवार मोठे सौदे, वित्तक्षेत्रात वर्षभराची नोकरी, यांपैकी दोन गोष्टी दाखवल्या की ‘व्यावसायिक ग्राहक’ होता येते. पट वाढते, पण खात्यापलीकडची वसुली रोखणारे कवच जाते. जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांपुढे ब्रोकरने तो अर्ज ठेवला, तर कृपया सही करू नका.